पडती काच धरायची नाही

काचेच्या धंद्यात नियम दोनच, असं आमच्या मामांचं म्हणणं. पहिला, पडती काच धरायची नाही. दुसरा, धरलेली काच सोडायची नाही. बाकीचं हाताला आपोआप कळतं. हे दोन मात्र हाताला शिकवावे लागतात, कारण माणसाचा हात मुळात मूर्ख. काही पडलं की मालकाला न विचारता पुढे धावतो.

मामांचा हात एकदाच मूर्खपणा करून कायमचा शहाणा झाला. बाविसाव्या वर्षी हातगाडीवरून दाराएवढं तावदान घसरलं आणि मामांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मनगटापासून कोपरापर्यंत त्याची रेघ अजून आहे. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकत नाही. चहाचा कप उचलला की ती ताठ उभी राहते आणि नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, गृहस्थ फार मोठ्या घराण्यातले दिसतात.

तेव्हापासून पंचवीस वर्षं, कुठेही काहीही पडलं की मामांचे दोन्ही हात छातीशी जातात आणि मामा एक पाऊल मागे. काच असो, कपडा असो, उशी असो.

"दुधाचं पातेलं कलंडलं की घरातले सगळे पुढे," मामी सांगते. "हे मागे. भिंत होती म्हणून थांबतात, नाहीतर शेजारच्यांच्या घरात गेले असते."

मुलगी झाली तेव्हा मामांनी तिला चार महिने उचललंच नाही म्हणे. हातून पडली तर? शेवटी एक दिवस मामीने ती सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आंघोळीला निघून गेली. "आणि मग हे तिला खाली ठेवीनात," मामी म्हणते. "जेवायला एका हाताने, दाढी एका हाताने. धरलेली सोडायची नाही ना! पोर चालायला शिकली ती यांची नजर चुकवून."

आता अशा माणसाने जन्मात एकच छंद धरावा आणि तो हॉकीत गोल राखण्याचा असावा, याला काय म्हणावं?

तरी खरं सांगतो, जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला मामांसारखा गोली आमच्या आठ संघांच्या लीगमध्ये दुसरा नाही. पॅड बांधलेले ते दोन पाय म्हणजे चौकटीत बसवलेले खांब. गोलात चेंडू गेला की आपल्या आत काहीतरी फुटल्याचा आवाज येतो, असं मामा म्हणतात. त्यामुळे ते जीव खाऊन अडवतात. पण तोच चेंडू कुणाच्या स्टिकला लागून वर उडाला आणि डोक्यावरून खाली यायला लागला, की संपलं. हात छातीशी, पाऊल मागे, चेंडू गोलात. या हंगामात आमच्यावर तेवीस गोल झाले, त्यातले नऊ असे आकाशातून आले.

म्हणून मला नेमलं होतं. मी त्यांचा भाचा. तीन वर्षांपूर्वी नोकरीला म्हणून त्यांच्याकडे राहायला आलो तो अजून आहे. मोटार शिकवायच्या शाळेत मी शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो माझा. संघातली माझी जागा मामांच्या मागे, गोलरेषेवर. मामांनी जमीन सांभाळायची, मी आकाश. अडचण इतकीच की समोरून काही वेगाने आलं की माझा उजवा पाय आपोआप पुढे दाबला जातो. हॉकीत चेंडू पायाला लागणं हा गुन्हा आहे. पायाचा उपयोग फक्त गोलीने करायचा.

"तुमच्या घराण्यात सगळ्यांचे अवयवच नोकरीला आहेत," आमचा कप्तान म्हणतो. "माणसं नुसती बरोबर येतात."

कप्तानाची बेकरी आहे. पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभा असल्यामुळे की काय, तो नेहमी तापलेलाच असतो. आम्ही त्याला भट्टीच म्हणतो. शेवटच्या सामन्याआधीच्या गुरुवारी हा भट्टी मामांच्या दुकानात आला. मामा टेबलावर कांबळं पसरून त्यावर एक मोठा आरसा कापायला बसले होते. कटरची रेघ ओढून झाली होती. मी दारात हेल्मेट घेऊन उभा होतो.

"मामा, रविवारी हरलो तर आपण आठवे," भट्टी म्हणाला. "बरोबरी झाली तरी सातवे. सातवा राहतो, आठवा खालच्या लीगमध्ये जातो."

"माहीत आहे."

"खालच्या लीगचे सामने कधी असतात माहीत आहे?"

मामांनी मान वर केली नाही. "बुधवारी. दुपारी तीनला."

दुकानाला सुटी फक्त रविवारी. आणि बुधवारी दुपारी तीनला काचवाला कुठे असतो? कुणाच्या तरी खिडकीला लटकलेला. मामा सत्तेचाळीस वर्षांचे. वरच्या लीगमधला दुसरा कुठला संघ या वयाचा, पडत्या चेंडूला मागे सरणारा गोली घेणार नव्हता. संघ घसरला की मामांची हॉकी संपली, इतका साधा हिशेब होता. तो तिघांनाही कळत होता.

मामांनी आरसा टेबलाच्या कडेला आणला आणि रेघेवर खालून एक टिचकी मारली. कट्. आरशाचे दोन सरळ तुकडे झाले.

"समोर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"अग्निशमन दल."

मामी आतून म्हणाली, "छान! पडणारं धरायचं हीच ज्यांची नोकरी."

रविवारी सकाळी आठला मैदानावर गेलो तर ती माणसं आधीच तिसरी फेरी पळत होती. एकेकाच्या मांड्या पाहून आमचा सेंटर हाफ, जो पेशाने शिंपी आहे, नुसता मनात मापं घेत उभा राहिला. जिंकले तर लीगचा चषक त्यांचा, त्यामुळे तेही मजेसाठी आले नव्हते. त्यांचा पेनल्टी कॉर्नर मारणारा गडी इतका उंच, की त्याचं नाव शिडी. पंच होत्या एक निवृत्त भूमितीच्या बाई. त्यांनी दोन्ही कप्तानांना बोलावून सांगितलं, "मला कुणी 'मॅडम, मॅडम' करत मागे यायचं नाही. दिसलं ते दिलं."

मामी नेहमीप्रमाणे आमच्या गोलामागे जाळीपलीकडे स्टूल टाकून बसली. मांडीवर चहाचा थर्मास.

शिटी वाजली आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की त्यांना आमचं सगळं कळलेलं आहे. जमिनीवरून मारतच नव्हते! गोलापुढच्या अर्धवर्तुळात, म्हणजे डीत यायचं, आमच्या कुणाच्या तरी स्टिकखाली चेंडू चिमटल्यासारखा करायचा आणि वर उडवायचा. पहिला मी परतवला. दुसरा परतवला. तिसऱ्याला मी या खांबाशी आणि चेंडू त्या खांबाकडे. मामांनी वर पाहिलं, हात छातीशी आले, पाऊल मागे गेलं. टप्प. शून्य-एक.

"मागे कुठे चाललात?" जाळीमागून मामी ओरडली. "घर त्या बाजूला नाही!"

सामन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार पाव, त्यातल्या दुसऱ्या पावात भट्टी पेटला. स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला तो तिघांना चुकवत डीपर्यंत गेला, आणि चौथा समोर येताच त्याने असा काही फटका मारला की त्यांचा गोली खाली बसला तेव्हा चेंडू फळीवर आपटून परत येत होता. एक-एक! तिसऱ्या पावात शिंप्याने दोघांच्या पायांमधून सुईत दोरा ओवावा तसा पास दिला आणि आमच्या पोरसवदा पोस्टमनने नुसती स्टिक लावली. दोन-एक! आम्ही इतके ओरडलो की बाईंनी घड्याळ दाखवलं.

ते दोन-एक चार मिनिटं टिकलं. मग शिडीने कॉर्नरवर चेंडू असा ओढून मारला की मामांचा पाय पोचला तरी चेंडू पॅडची शिवण घासून आत गेला. दोन-दोन. यात मामांचा काही दोष नव्हता. तरी ते गोलात वाकून बराच वेळ जाळीकडे बघत होते, तुकडे गोळा करायचे असल्यासारखे.

शेवटची पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेर जाईना. मामांनी एक उजव्या पायाने काढला, एक डाव्या, एक चक्क लोळण घेऊन पोटाने. शिंपी धापा टाकत होता, भट्टी सगळ्यांना शिव्या देत होता, स्वतःलासुद्धा. "पाच मिनिटं!" "साडेतीन!" मी आकाश सांभाळत होतो, दोन परतवले, एक खांबावरून बाहेर गेला. "एक मिनिट!" बरोबरी पुरे होती. फक्त हे एक मिनिट संपायला हवं होतं.

आणि शिडी उजवीकडून सरळ माझ्या अंगावर आला. चेंडू सुटला, वेगात, जमिनीवरून. स्टिक माझ्या हातात होती. जागेवर होती. मी नुसती ती धरून उभा राहिलो असतो तरी चेंडू अडला असता.

माझ्या उजव्या पायाने ब्रेक दाबला.

चेंडू अंगठ्यावर बसला तेव्हा मला एकाच वेळी तारे आणि बाईंचा लांबवलेला हात दिसला. पेनल्टी कॉर्नर. आणि त्याच क्षणी भोंगा वाजला. वेळ संपली.

पण हॉकीत वेळ संपली तरी दिलेला पेनल्टी कॉर्नर संपल्याशिवाय सामना संपत नाही. ते लोक गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलणार, एकजण डीच्या कडेला तो थांबवणार, शिडी मारणार. आमचे गोलीसह पाच गोलात उभे राहणार आणि चेंडू हलला की बाहेर धावणार. मी मात्र त्या पाचांत नव्हतो. अंगठा बुटात मावत नव्हता. मला दोघांनी उचलून जाळीमागे मामीच्या स्टुलाशेजारी नेऊन ठेवलं. कॉर्नर चालू असताना बदली खेळाडू आत घेता येत नाही.

"मामांच्या मागे मी उभा राहतो," शिंपी म्हणाला.

"तुला जमणार नाही," भट्टी म्हणाला. "तू चेंडूऐवजी माणसाकडे बघतोस."

"मग कोण?"

"कुणी नको," मामा म्हणाले. हेल्मेटच्या जाळीतून त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला. "चौघंही पुढे पळा. शिडीला मोकळं मारू देऊ नका. मागचं मी बघतो."

"मामा, वरून आला तर?"

मामांनी स्टिक हातात घट्ट केली आणि खाली वाकले.

मामी उठून उभी राहिली. थर्मास स्टुलावर. "यांच्या मागे खरंच कुणी नाही?" तिने मला विचारलं.

"आपण आहोत," मी म्हणालो. "पण जाळी आहे मधे."

चेंडू बाहेर आला. थांबला. आमचे चौघे सुटले. शिडीने मारला, भट्टी आडवा झेपावला आणि चेंडू त्याच्या स्टिकच्या टोकाला लागून वर गेला. सरळ वर. सकाळच्या उन्हात तो पांढरा ठिपका इतका उंच गेला की दोन्ही संघ माना वर करून उभे राहिले. मग तो खाली यायला लागला. गोलाच्या बरोब्बर तोंडावर. त्यांचे दोन गडी स्टिका उगारून धावले.

मामांचे हात छातीशी गेले. मी डोळे मिटायच्या बेतात होतो. पण पाऊल मागे गेलं नाही! हात छातीवरून सुटले, स्टिक टाकून वर गेले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मामांनी पडती वस्तू धरली. दोन्ही हातांनी, पोटाशी, कवटाळून.

"धरला!" मामी ओरडली. "अगं बाई, धरला!"

"सोडा!" मी ओरडलो.

"सोडा मामा! खाली टाका!" भट्टी जमिनीवरूनच बोंबलत होता. "सोडा, सोडा, सोडा!"

कारण गोलीने चेंडू अडवावा, ढकलावा, लाथाडावा. धरून ठेवायचा नाही. पण मामा कुणाचं ऐकतायत? पहिला नियम मोडला होता, दुसरा शाबूत होता. धरलेली सोडायची नाही. ते चेंडू पोटाशी घेऊन, मान खाली घालून, पाय रोवून उभे. अंगावर दोन दांडगे गडी येऊन आदळले तरी हलले नाहीत.

शिटी वाजली. बाईंनी गोलापासून सात पावलांवरच्या खुणेकडे बोट दाखवलं. पेनल्टी स्ट्रोक.

भट्टी जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

स्ट्रोक म्हणजे खुणेवर चेंडू, मारणारा एक, अडवणारा एक, बाकी सगळे लांब. शिडी स्टिक फिरवत पुढे आला. मामांच्या हातातून चेंडू घ्यायला बाईंना दोनदा सांगावं लागलं.

"द्या इकडे. शाळेत नाही आपण."

मामांनी चेंडू दिला. मग विचारलं, "बाई, आता धरला तर?"

"स्ट्रोकला?" बाई म्हणाल्या. "स्ट्रोकला गोलीने धरला की स्ट्रोक संपला. गोल नाही."

"नक्की?"

"मी पस्तीस वर्षं प्रमेयं शिकवली आहेत. नक्की."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. भट्टीलासुद्धा नाही, त्याच्या तोंडावरून दिसलं. मामा गोलात गेले. रेषेवर दोन्ही पाय ठेवले, हात जरा अंगापासून लांब घेतले. ताठ करंगळी हातमोज्यात कुठेतरी उभीच असणार.

"वरून मारणार तो," मामी पुटपुटली. "सगळ्या गावाला माहीत आहे, हे वरच्याला मागे सरतात."

"मागे सरले तर?"

"रेषेवर आहेत. एक पाऊल मागे म्हणजे गोलात," ती म्हणाली, आणि माझा दंड असा धरला की अंगठ्याचं दुखणं मी विसरलो.

बाईंनी शिटी वाजवली. शिडी एक पाऊल पुढे आला, मनगट वळलं आणि चेंडू उठला. डावीकडे, वरच्या कोपऱ्याकडे, सणसणत! मामा उडाले. सत्तेचाळीस वर्षांचा, दहा-बारा किलोचं सामान अंगावर बांधलेला माणूस उडाला! हातमोजा चेंडूला लागला. धप्प! चेंडू वरच्या आडव्या खांबावर आदळला, तिथून उसळला आणि पडायला लागला. गोलरेषेवर. मामा गुडघ्यांवर. चेंडू त्यांच्या डोक्यावरून खाली, पाठीमागच्या बाजूला झुकत.

"अहो, धरा!" मामी एवढ्या जोराने ओरडली की शिडीसुद्धा वळला.

मामा वळले, मागे झुकले आणि रेषेच्या वीतभर अलीकडे चेंडू त्यांनी दोन्ही हातांत घेतला, छातीशी ओढला, आणि तसेच कुशीवर आडवे झाले.

बाई धावत आल्या. वाकल्या. रेषा पाहिली, चेंडू पाहिला, भूमिती मनात तपासली. मग शिटी, लांबलचक, आणि हात आडवे. संपलं. दोन-दोन!

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी लंगडी घालत जाळीला वळसा मारून मैदानात गेलो एवढं आठवतं. भट्टी शिंप्याच्या गळ्यात पडून रडत होता आणि शिंपी त्याला सांगत होता, शर्ट सोड, उसवेल. पोस्टमन उगाचच मैदानाला चकरा मारत होता. शिडी मामांपाशी गेला, हात पुढे केला. मामांना हात देता येईना, दोन्ही गुंतलेले.

"अहो, झालं," बाई म्हणाल्या. "आता सोडलात तरी चालेल."

"असा कसा सोडू?" मामा कुशीवरूनच म्हणाले. "काहीतरी अंथरा."

कुणाला वाटलं थट्टा आहे, सगळे हसले. मामी हसली नाही. तिने खांद्यावरची शाल काढली, चौघडी केली आणि गवतावर ठेवली. मामांनी चेंडू त्यावर ठेवला. हलकेच, आधी खालची कड, मग बाकीचा, चेंडूला जशी काही कड असते. मग दोन्ही हात काढून घेतले आणि श्वास सोडला.

बुधवारी दुपारी तीनला माझी सुटी होती. अंगठ्याला पट्टी बांधून मी दुकानात बसलो होतो. मामा खिडकीची चौकट टेबलावर घेऊन पुट्टी भरत होते. मामी चहा घेऊन आली. थर्मासचं झाकण तिच्या हातातून निसटलं.

मामांचे हात छातीशी गेले, मामा एक पाऊल मागे. झाकण फरशीवर दोनदा उडालं आणि काचांच्या घोडीखाली गेलं.

"रविवारी बरं धरता येतं!" मामी कडाडली.

मामांनी खाली वाकून पाहिलं, ते कुठवर गेलंय ते.

"रविवारी मागे कुणी नव्हतं," ते म्हणाले. "भाच्या, तुझा ब्रेकवाला पाय जरा लांबव बघू. पोचतो का?"